नागरभावीतल्या खुर्च्या

कॉलेजात नोकरी केलेल्या माणसाला ‘नॅकची टीम येतेय’ एवढे तीन शब्द पुरतात. भिंतींना रंग लागतो, बंद प्रयोगशाळेचं कुलूप निघतं, पाच वर्षांचे हजेरीपट आणि फोटो हुडकून क्रायटेरियननिहाय फायली बांधल्या जातात. आयक्यूएसीचा, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा, समन्वयक रात्री घरी येतो तो फक्त झोपायला. मग टीम येते. रांगोळी, औक्षण, शाल-श्रीफळ, दोन दिवसांची पाहणी, आणि पुढे कधीतरी एक अक्षर हाती पडतं. ए प्लस प्लस, बी, सी. त्या अक्षरावर अनुदान, स्वायत्तता आणि प्रवेशाच्या वेळच्या जाहिराती अवलंबून.

ही अक्षरं जिथून सुटतात ते कार्यालय आपल्याच बंगळूर शहरात, नागरभावीत आहे. १९९४ साली नॅक, म्हणजे कॉलेजं आणि विद्यापीठांना मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था, स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक होते कोल्हापूरकडचे डॉ. अरुण निगवेकर. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, अध्यक्षही. बंगळूरच्या मराठी माणसाला नॅकबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. मात्र या संस्थेच्या अलीकडच्या गोष्टीतही दोन मराठी नावंच समोरासमोर येतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष झाले. आधी ते यूजीसीचे उपाध्यक्ष होते, म्हणजे सरकारच्या विश्वासातलेच. त्यांनी नॅकचं कामकाज तपासण्यासाठी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या गांधीनगरच्या केंद्राच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. संगणकप्रणाली आणि पाहणीचे तज्ज्ञ निवडण्याची पद्धत, दोन्हींवर तिने बोट ठेवलं. वर्तमानपत्रांत आलेल्या तपशिलांनुसार सुमारे चार हजार तज्ज्ञांच्या यादीतल्या सत्तर टक्के लोकांना पाहणीला जाण्याची संधीच मिळालेली नव्हती.

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस पटवर्धनांनी यूजीसीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. हितसंबंधी मंडळींच्या दबावाची आणि गैरप्रकारांच्या शक्यतेची त्यात तक्रार होती, उच्चस्तरीय चौकशीची मागणी होती आणि पद सोडण्याची इच्छाही होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात यूजीसीने नवा अध्यक्ष जाहीर करून टाकला. पटवर्धन म्हणाले, आपण राजीनामा दिलेलाच नाही, इच्छा बोलून दाखवली होती. आणि मग ५ मार्चला त्यांनी खरोखरच राजीनामा दिला. आधी जागा भरली, मग रिकामी झाली!

नवे अध्यक्ष डॉ. अनिल सहस्रबुद्धे. बंगळूरच्या आयआयएस्सीचे पीएचडी, पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी संचालक, तंत्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे एआयसीटीईचे, माजी अध्यक्ष. पात्रतेविषयी कोणी शंका घ्यावी असं त्यात काही नाही. पुढे एनबीए, म्हणजे अभियांत्रिकी वगैरे अभ्यासक्रमांना मानांकन देणारी संस्था, तिचंही अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचाचं होतंच. एवढ्या मोठ्या देशात तीन खुर्च्यांना मिळून एकच माणूस सापडावा, हे त्या माणसाच्या थोरवीपेक्षा निवडणाऱ्यांच्या आखूड यादीबद्दल जास्त सांगतं. नॅकच्या सहाव्या क्रायटेरियनचं नाव ‘शासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन’. तालुक्याच्या कॉलेजाला त्याखाली नेमणुकांच्या नियमांपासून समित्यांच्या कामकाजापर्यंत सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. हाच क्रायटेरियन नॅकच्या अध्यक्षाच्या नेमणुकीला लावला तर कोणतं अक्षर पडेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

अमेरिकेत निदान लपवाछपवी कमी. दर अध्यक्षीय निवडणुकीनंतर तिथे एक जाडजूड यादी छापली जात आली आहे, ‘प्लम बुक’. राजकीय नेमणुकीच्या जागा कोणत्या ते त्यात लिहिलेलं असतं; केंद्र सरकारभर अशा सुमारे चार हजार. शिक्षणमंत्र्याला सिनेटसमोर बसून प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. २०१७ मध्ये बेट्सी डेव्होस यांच्या नावावर ५०–५० अशी मतं पडली आणि उपाध्यक्ष माइक पेन्स यांना निर्णायक मत द्यावं लागलं. मंत्रिपदासाठी असं त्या देशात पहिल्यांदाच घडलं. म्हणून तिथल्या नेमणुका शहाणपणाच्या होतात असं नव्हे. पण कोणी कोणाला का नेमलं, हे लोकांना ठाऊक असतं.

आपल्या शिक्षण मंत्रालयात उघड राजकीय अशी पदं मंत्री आणि राज्यमंत्र्यांची. सचिव आयएएस. खालच्या यूजीसी, एआयसीटीई, एनसीईआरटी, केंद्रीय विद्यापीठं या सगळ्यांसाठी शोध समिती असते. समिती नावं देते, निवड वर होते. मंत्रिमंडळाच्या ज्या नियुक्ती समितीकडे मोठ्या नेमणुका जातात, तिच्यात सदस्य दोनच: पंतप्रधान आणि गृहमंत्री. पराभूत उमेदवारांची नावं, निवडीची कारणं, मतभेद, यांतलं काही बाहेर येत नाही. राजकारण कागदावर नसतंच, त्यामुळे त्याचा जाब विचारायलाही कोणी नसतो.

आता उलट बाजू. राजकीय नेमणूक म्हटली की नाक मुरडायची आपल्याला सवय आहे, आणि इतिहास मात्र तेवढा सोपा नाही. चिंतामणराव देशमुखांचंच पाहा. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जातेय म्हणून १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत नेहरूंच्या कारभाराच्या पद्धतीवर जाहीर टीका केली. त्याच वर्षी त्याच सरकारने त्यांना यूजीसीचं अध्यक्षपद दिलं. आजच्या हिशेबाने हे अघटितच! शोध समिती नाही, मुलाखत नाही; सरळ राजकीय निर्णय. देशमुख १९६१ पर्यंत तिथे होते आणि नव्या कायद्याने उभ्या राहिलेल्या आयोगाची घडी त्यांच्याच काळात बसली.

दुसरं उदाहरण न्या. एम. सी. छागला. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, परदेशात राजदूत, आणि १९६३ मध्ये शिक्षणमंत्री. त्यांच्या काळात, १९६४ मध्ये, कोठारी शिक्षण आयोग नेमला गेला आणि सदस्य-सचिव झाले जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, नंतर धारवाडजवळ उप्पिन बेटगेरीत ग्रामसुधारणेचं काम केलेला. मंत्रालयात सल्लागार म्हणून त्यांचा शब्द चाले, तो स्पर्धा परीक्षेच्या जोरावर नव्हे. केवळ कोणीतरी विश्वास टाकला म्हणून. छागला पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि विद्यापीठांतल्या माध्यमभाषेच्या धोरणावरून १९६७ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले, कारण सांगून. त्यांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हा वेगळा वाद. देशमुख काय, छागला काय, जाताना काय बिनसलं ते देशाला कळलं.

नागरभावीतच सामाजिक-आर्थिक संशोधनाची आणखी एक मोठी संस्था आहे, आयसेक. ती १९७२ मध्ये उभी केली डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे हे संस्थापक १९६७ मध्ये बळ्ळारीतून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले आणि १९६९ ते १९७१ केंद्रात शिक्षणमंत्री होते. पक्षाचं तिकीट घेतलेला अर्थतज्ज्ञ! मंत्रिपद गेल्यावर दुसऱ्या पदासाठी दिल्लीत ताटकळत बसण्याऐवजी त्यांनी इथे येऊन संशोधन संस्था काढली.

तेव्हा पक्षाचा माणूस आला म्हणजे वाटोळं आणि प्राध्यापक आला म्हणजे सारं आलबेल, असली वाटणी टिकत नाही. आजची खरी अडचण अधांतरी ठेवलेल्या पदांची आहे. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यात स्पष्ट तरतूद आहे: अध्यक्ष केंद्र किंवा राज्य सरकारचा अधिकारी नसावा. आयोगाने मंत्रालयाच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीचे अध्यक्ष प्रा. जगदेश कुमार निवृत्त झाले आणि अध्यक्षपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला गेला उच्च शिक्षण सचिवांना. अधिकाऱ्याला अध्यक्ष करता येत नाही, कार्यभार मात्र देता येतो. मंत्रालयाने आयोगाला पत्र लिहायचं आणि आयोगातर्फे त्याच माणसाने ते उघडायचं.

पटवर्धनांच्या पत्राचं पुढे काय झालं? १ फेब्रुवारी २०२५ रोजी सीबीआयने गुंटूरच्या एका अभिमत विद्यापीठाला ए प्लस प्लस मिळवून देण्यासाठी लाच दिल्याघेतल्याच्या आरोपाखाली दहा जणांना अटक केली. त्यांत नॅकच्या पाहणी समितीतले सात जण होते. बंगळूरसह देशात वीस ठिकाणी झडत्या झाल्या. ३७ लाख रुपये रोख आणि लॅपटॉप हाती लागले. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, निकाल न्यायालयानेच द्यायचा. पण तज्ज्ञांची निवड कशी होते, हा प्रश्न त्याच्या दोन वर्षं आधी याच संस्थेच्या अध्यक्षाने लेखी विचारला होता.

गंमत म्हणजे चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, बंगळुरात सहा राज्यांची उच्च शिक्षण परिषद भरली: कर्नाटक, तमिळनाडू, केरळ, तेलंगणा, हिमाचल आणि झारखंड. कुलगुरू निवडीत राज्यांचा हात आखडणारा यूजीसीचा नवा मसुदा मागे घ्या, असं म्हणत पंधरा कलमी ठराव झाला. मागणी रास्त होती. पैसा राज्याचा आणि निवड दुसऱ्याची, हे कोणाला रुचेल? फक्त यजमानांनी दोनच महिने आधी गदगच्या ग्रामविकास आणि पंचायतराज विद्यापीठाचं कुलपतिपद राज्यपालांकडून काढून मुख्यमंत्र्यांना देणारं विधेयक विधिमंडळात संमत करून घेतलं होतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने असंच केलं: शोध समितीने पाच नावं द्यायची, सरकारने त्यांतली दोन राज्यपालांकडे धाडायची, शिवाय मंत्री प्र-कुलपती. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली, कारण राजभवन आणि मंत्रालय तेव्हा एकाच बाजूला होते.