जळलेल्या वस्तूंची यादी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर केलेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)





या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी डिप्लोमाचा माणूस. गेली वीसेक वर्षे रेल्वेचे डबे आणि वाघिणी दुरुस्त करतो आहे. कार्यवाह म्हणाले, "तुमचे वर्कशॉप जळाले, त्यातून कसे सावरलात ते सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." उपयोगी पडेल म्हणाले म्हणून उभा राहिलो आहे.

आमच्या घराच्या मागच्या अंगणात दहा बाय बाराची एक खोली होती. वर सिमेंटचे पत्रे, आत सागवानी बेंच, त्यावर बसवलेला शेगडा, लहान ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी, पटाशा, करवती, पाने. माझे वडील, म्हणजे अण्णा, भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांची निम्मी हत्यारे बदलीच्या प्रत्येक गावी माझ्याबरोबर फिरली. आपल्या मंडळाचे मखर त्या खोलीत तयार व्हायचे. शेजारच्या मुलांच्या सायकली, कुणाचा मोडलेला पाट, कुणाच्या देव्हाऱ्याचे दार, सगळे तिथेच. ड्यूटीवरून आल्यावर तासभर तिथे बसलो की डोके शांत व्हायचे.

२४ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाची रात्र. मी नाइट ड्यूटीवर होतो. कुठून तरी आलेला रॉकेटचा बाण भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून आत पडला असावा, असे पुढे अग्निशमन दलाच्या अहवालात आले. आत प्लाय होता, लाकूड होते, रंग होता. सौ.चा फोन आला आणि मी पोहोचलो तोवर पत्रे फुटून खाली आले होते. सौ.ने आणि शेजाऱ्यांनी पाण्याच्या बादल्या मारून घराची भिंत थंड ठेवली, म्हणून घर वाचले. कुणालाही इजा झाली नाही, ही गजाननाची कृपा.

दुसऱ्या दिवशी येणारा प्रत्येकजण एकच वाक्य म्हणायचा : "जीव वाचले ना, वस्तू काय, पुन्हा येतील." मित्रहो, हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण ते ऐकले की पुढे काही बोलायची सोय राहत नाही. जीव वाचलेले असताना कानशीसाठी वाईट वाटून घेणे शोभत नाही, असे आपल्यालाच वाटू लागते. मी मान डोलवत राहिलो. रात्री झोप येईना. घरभर जळका वास, आणि हात उगाच खिशातला वर्नियर चाचपायचा, तोही आतच गेला होता.

२५ तारखेला खंडग्रास सूर्यग्रहण होते. लोक घराबाहेर पडत नव्हते. अशा दुपारी आमच्या डेपोतला एक जुना फिटर, इथलाच, सायकलवर आला. सांत्वनाचे एक अक्षर बोलला नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, "साहब, पहले फोटो, फिर तेल, फिर लिस्ट." या तीन शब्दांवरच माझे आजचे भाषण उभे आहे.

पहिले, फोटो. एकही वस्तू हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. विमा कंपनीला लगेच कळवायचे, अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्यायचा. सर्व्हेअर दोन दिवसांनी येतो आणि त्याला राखेतून काही समजत नाही, फोटोवरून समजते.

दुसरे, तेल. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. वायरीचे पीव्हीसी जळले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती काजळीबरोबर लोखंडावर बसते, त्यात विझवायला मारलेल्या पाण्याची ओल. आगीतून वाचलेले हत्यार मग एक-दोन दिवसांत गंजाने जाते. म्हणून आम्ही दोघे तोंडाला मास्क लावून, फुटलेल्या पत्र्यांवर पाणी शिंपडून आत गेलो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. जे लोखंड हाती लागले ते डिझेलने पुसले आणि तेल लावून ठेवले. दिवेलागणीपर्यंत हे चालले होते. त्या रात्री मला झोप लागली.

तिसरे, यादी. पाडव्याच्या दिवशी तो पुन्हा आला, हातात मुलाची दोनशे पानी वही. "बोलिए, क्या-क्या था?" मी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासून सांगत गेलो. बारा इंची कानस, अर्धगोल कानस, पकड, गिरमिट, टॅप-डाय... तो लिहीत गेला. दोन दिवसांत १४३ वस्तू झाल्या. अपघात झालेली वाघीण वर्कशॉपला आली की आपण काय करतो? एकेक भाग तपासतो आणि ठरवतो : बदलायचा, दुरुस्त करायचा, की कंडेम करायचा. तसेच तीन रकाने आखले. पैशाने परत मिळेल, कष्टाने परत करता येईल, आणि कशानेही परत येणार नाही. पहिल्या रकान्यात ९६ वस्तू गेल्या, दुसऱ्यात ३८, तिसऱ्यात ९.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होते की माझे सगळे गेले. यादीने सांगितले, नऊ वस्तू गेल्या. त्यांत अण्णांची हिशेबाची आणि मापांची वही होती, त्यांच्या अक्षरातली. मुलगी पाच वर्षांची असताना माझ्याबरोबर बसून तिने केलेली लाकडी आगगाडी होती. या नऊ वस्तूंसाठी मी रडलो, आणि मोकळेपणाने रडलो. १३४ वस्तूंसाठी रडण्याचे कारण नव्हते, त्यांच्यासाठी कामाला लागायचे होते. दुःख खोटे नव्हते, पण त्याला माप नव्हते. यादीने ते माप दिले.

आता दुसऱ्या रकान्याची थोडी गंमत सांगतो. आगीतून निघालेले पोलाद डोळ्यांना फसवते. काळाठिक्कर पडलेला शेगडा आपण भंगारात काढायला निघतो, आणि तो साफ केल्यावर उत्तम चालतो. उलट पटाशी दिसायला धडधाकट असते, पण तिचे पाणी उतरलेले असते. पोलाद तापले की आधी पिवळसर रंग धरते, मग तीनशे अंशांच्या आसपास निळे होते. त्यापुढे तापले की साध्या कार्बन पोलादाची धार टिकत नाही. परीक्षा सोपी आहे. चांगली नवी कानस घ्या आणि हत्याराच्या धारेजवळ हळूच फिरवा. कानस घसरली तर कडकपणा शाबूत, कानस लागली तर गेला. हायस्पीड स्टीलची ड्रिल पुष्कळ उष्णता सोसतात, माझी बरीचशी वाचली.

अण्णांची पाऊण इंची पटाशी मी तिसऱ्या रकान्यात लिहिली होती. फिटर म्हणाला, "इसको पानी देके देखते हैं." आम्ही एका लोहाराच्या भट्टीवर गेलो. पटाशी लालभडक केली. लोहचुंबक चिकटेनासे झाले, म्हणजे साधारण ७७० अंश पार झाले. जरा आणखी तापवून तेलात विझवली, मग घासून फिकट पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा मंद तापवली. बाभळीची नवी मूठ बसवली. आज ती कापते. यादीत तिच्या नावावर काट मारली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिले. नऊचे आठ झाले. वही मात्र आली नाही आणि येणारही नाही. तेही कबूल केले पाहिजे.

त्या काळात मला बऱ्याच जणांनी एडिसनचे उदाहरण दिले. ९ डिसेंबर १९१४ रोजी न्यू जर्सीत त्यांच्या कारखान्याच्या इमारती जळाल्या, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते आणि त्यांनी लगेच पुन्हा उभारणी सुरू केली. खरे आहे, पण त्यांच्यामागे मोठा उद्योग होता. मला जवळचे वाटले ते निकोला टेस्ला. १३ मार्च १८९५ रोजी न्यूयॉर्कमधली त्यांची प्रयोगशाळा जळाली. यंत्रे गेली, टिपणे गेली, विमा नव्हता. पुढे त्याच शहरात त्यांनी दुसरी प्रयोगशाळा थाटली. मोठ्या माणसांचे धैर्य उसने घेता येत नाही, पण आपल्याआधी कुणी तरी या वाटेने गेले आहे एवढे कळते.

यादीचा आणखी एक फायदा झाला. सर्व्हेअरने ती आणि फोटो समोर ठेवले आणि दावा मार्गी लागला. सगळे पैसे मिळाले नाहीत, वापराची घट कापली गेली. तरी बरेच मिळाले. एक माहिती देऊन ठेवतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घराची प्रमाणित विमा पॉलिसी आली. तिच्यात घराच्या इमारतीचा विमा काढला की विमा रकमेच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला संरक्षण आपोआप मिळते. अधिक हवे असेल तर तपशील देऊन वाढवता येते. घरी जाऊन आपला कागद काढून वाचा.

२०२३ च्या गणपतीला वर्कशॉप नव्हते. तुम्हीच प्रत्येकाने एकेक हत्यार आणून दिले आणि मखर आमच्या व्हरांड्यात बांधले गेले. साधे बांबूचे होते, पण वेळेवर झाले. नवी खोली २०२४ मध्ये उभी राहिली. ती आठ बाय दहाच आहे. फटींना बारीक जाळी आहे, रंग आणि थिनर बाहेर लोखंडी पेटीत असतात, दाराशी पावडरचे अग्निशामक आहे. जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून टाकत नाही, पसरून वाळवतो, कारण ते आपल्याच उष्णतेने पेटू शकते. आणि वायरचे जोड दर सहा महिन्यांनी आवळतो. ढिला जोड तापतो, पण एमसीबी पडत नाही.

शेवटी एकच विनंती. आपल्यापैकी कुणाचे दुकान जळेल, कुणाच्या गावाकडच्या घरात पुराचे पाणी शिरेल. तुम्ही भेटायला जाल. तेव्हा "वस्तू काय, पुन्हा येतील" असे म्हणू नका. जवळ बसा, वही काढा आणि विचारा, "काय काय होते?" तो सांगू लागेल. तुम्ही लिहा.



गणपती बाप्पा मोरया!