लिनक्स संगणकाची आरंभ-यादी



लिनक्सवर चालणारा संगणक सुरू केला असता कित्येकदा पडद्यावर चार-पाच ओळींची एक यादी उमटते. ती पाहून यंत्र बिघडले असा समज होतो, ते कपाटात जाते आणि मुलांचा अभ्यास खोळंबतो. म्हणून या यादीचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

ही यादी 'ग्रब' नावाची आज्ञावली दाखविते. एरिक बोलेन यांनी १९९५ साली तिचा आरंभ केला. 'कर्नल' म्हणजे लिनक्सचा गाभा. तो स्मृतीत आणून संगणकाचा कारभार त्याच्या हाती सोपविणे, हे ग्रबचे काम होय. कोणता गाभा आणावा, एवढेच यादी विचारते. आपण काहीच न केल्यास ठरलेल्या वेळानंतर नेमलेली ओळ आपोआप निवडली जाते.

उबुंटूमध्ये पहिली ओळ नेहमीच्या कामाची असते. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' या ओळीत आधीचे गाभे व दुरुस्तीसाठी 'रिकव्हरी मोड' असतो. नवा गाभा आल्यावर संगणक सुरू होईनासा झाला, तर येथूनच जुना गाभा निवडावा. बहुधा काम पूर्ववत चालते. यास्तव जुना गाभा अडगळ समजून काढून टाकू नये.

यादी दिसत नसेल, तर सुरुवातीसच नव्या यूईएफआय यंत्रावर एस्केप व जुन्या बायोस यंत्रावर शिफ्ट ही कळ दाबावी.

आता बदलांविषयी. 'ग्रब.सीएफजी' ही फाइल यंत्रच तयार करते; तीत हाताने केलेला बदल पुढे पुसला जातो. बदल करावयाचा तो 'ईटीसी'मधील 'डिफॉल्ट' या कप्प्यातील 'ग्रब' फाइलीत, आणि तोही तिची एक प्रत राखून. तेथे 'टाइमआउट'पुढे सेकंद, 'टाइमआउट स्टाइल'पुढे 'मेनू' आणि 'डिफॉल्ट'पुढे ओळीचा क्रमांक लिहावा. मोजणी शून्यापासून होते, हे विसरू नये. नंतर 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिल्यावाचून बदल लागू होत नाही. केवळ एका वेळेपुरता बदल हवा असल्यास यादीतील ओळीवर 'ई' ही कळ दाबावी.

शाळेतील यंत्रावर यादी निदान पाच सेकंद दिसेल असे ठेवावे. संगणक अडला, तर जुन्या गाभ्याकडे जाण्याची वाट तेवढ्यामुळे मोकळी राहते, आणि तालुक्याहून कारागीर येईपर्यंत वर्गाला थांबावे लागत नाही.