होमोसिस्टिन्युरियावरचे बीटेन आणि त्याचे दुष्परिणाम

होमोसिस्टिन्युरिया हा जन्मजात चयापचय-विकार जगात दुर्मिळ समजला जातो. कतारमध्ये मात्र साधारण १८०० नवजात बाळांमागे एकाला तो आढळतो. सीबीएस या जनुकातला एक ठरावीक दोष तिथल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळाला तरच मूल आजारी होते. नात्यात लग्ने होत असल्याने हा योग तिथे अधिक वेळा जुळून येतो. नवजात बाळांच्या चयापचय-तपासणीची राष्ट्रीय योजना कतारने २००३ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू केली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हा विकार ओळखता येतो, त्यामुळे मूल राजधानी दोहाचे असो की उम्म सलाल मोहम्मद या गावचे, उपचार तान्हेपणीच सुरू होऊ शकतात.

दूध, मांस, अंडी, डाळी यांतल्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीरात त्यापासून होमोसिस्टीन बनते आणि एका विकराच्या मदतीने ते पुढे निकालात निघते. या रुग्णांत तो विकरच काम करीत नाही. होमोसिस्टीन रक्तात साठत जाते. मग डोळ्यातले भिंग जागेवरून सरकते, हाडे ठिसूळ होतात, बौद्धिक वाढ खुंटते आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. काही रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने गुण येतो. कतारमधला हा जनुकदोष मात्र त्याला सहसा दाद देत नाही. तिथे भिस्त राहते ती कमी प्रथिनांच्या आहारावर, मेथिओनिन नसलेल्या अमिनो आम्लांच्या खास पुडीवर आणि बीटेन या औषधावर.

बीटेनला अमेरिकेत १९९६ मध्ये आणि युरोपीय संघात २००७ मध्ये मान्यता मिळाली. ही पांढरी पूड असते. डब्यासोबतच्या चमच्याने मोजून ती पाण्यात, रसात किंवा दुधात पूर्ण विरघळवायची आणि लगेच प्यायची. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला सकाळी १ ग्रॅम आणि संध्याकाळी १ ग्रॅम. प्रत्यक्ष मात्रा डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. पुडीला ओल लागू देऊ नये आणि उघडलेला डबा तीन महिन्यांत संपवावा. अमिनो आम्लांची पुडी आणि बीटेन यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. फिटसाठी विगाबॅट्रिन चालू असेल, तर त्याच्याही बाबतीत हाच नियम.

बीटेन होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनिन करते. औषधाचा गुण तोच आणि मुख्य दुष्परिणामही त्यातूनच येतो. होमोसिस्टीन उतरते, पण मेथिओनिन चढते. आहारात प्रथिने जास्त झाली, तर ते आणखी चढते. दर लिटरला ७०० मायक्रोमोलच्या वर ते गेले, की आहार तपासणे, रक्ततपासणी वाढवणे आणि गरजेप्रमाणे मात्रा कमी करणे किंवा औषध काही काळ थांबवणे, असा विचार डॉक्टर करतात. १००० च्या वर ते जाऊ द्यायचे नसते. फार वाढलेल्या मेथिओनिनबरोबर मेंदूला सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. बीटेन बंद केल्यावर ती सूज उतरली, हेही नोंदले आहे. सकाळी उठताच डोके दुखणे, सोबत उलटी होणे, दिसण्यात फरक पडणे ही तिची लक्षणे. ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकीचे दुष्परिणाम कमी वेळा दिसतात आणि बहुधा सौम्य असतात : मळमळ, उलटी, जुलाब, पोटात अस्वस्थता, जिभेला दाह, भूक मंदावणे, अंगावर पित्त उठणे, केस गळणे. काही मुले चिडचिडी होतात किंवा त्यांची झोप बिघडते. काही रुग्णांच्या अंगाला माशासारखा वास येतो. यात जिवाला धोका नसतो, पण शाळेत जाणारे मूल याच कारणाने औषध टाळू लागते. घरच्यांनी ते ओळखून डॉक्टरांना सांगावे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. उम्म सलाल मोहम्मदमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी उलट्या-जुलाब झाले, तर अंगातले पाणी झपाट्याने कमी होते आणि या विकारात आधीच असलेला गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणून तिथे साधे जुलाबही अंगावर काढू नयेत. डोळ्याची किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञाला आजाराची आधीच कल्पना द्यावी. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू या रुग्णांना वर्ज्य आहे. मात्र दुष्परिणामाच्या धास्तीने औषध परस्पर बंद करणेही घातक, कारण होमोसिस्टीन पुन्हा चढू लागते.

भारतात अशी तपासणी सर्वत्र होत नाही. त्यामुळे पुष्कळदा निदान होते ते मुलाचे भिंग सरकल्यावरच. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात होमोसिस्टिन्युरियाचा समावेश आहे. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय या धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक असून पात्र रुग्णाला अशा केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. उपचार कतारमध्ये चालू असोत की महाराष्ट्रात, बीटेनचा डबा आणि रक्ततपासणीची तारीख या दोन्ही गोष्टी चुकवू नयेत.