बेन फ्रँकलिनचा बॉन्ड

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन)

आज एका सहीची गोष्ट. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेचा १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८३चा पॅरिसचा तह आणि १७८७ची राज्यघटना, तिन्हींवर या माणसाची सही आहे. पण आज आपण बोलणार आहोत ती सही त्याने केली तेव्हा तो फक्त १२ वर्षांचा होता. आणि कागद कसला, तर चक्क बॉन्ड!

साल साधारण १७१८. बोस्टन तेव्हा ब्रिटिशांच्या वसाहतीत होतं. बेनचे वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. पोराला ओढ होती समुद्राची. तो जहाजावर पळून जाईल ही वडिलांना धास्ती, म्हणून त्यांनी त्याला थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लावलं. करार २१ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा. म्हणजे सुमारे नऊ वर्षं! खाणंपिणं मालकाकडे, पण कारागिराचा पगार फक्त शेवटच्या वर्षी.

अशा कराराला इंडेंचर म्हणत. या शब्दातच दात आहेत. मूळ पद्धत अशी की एकाच कागदावर तोच मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी रेषेत कापायचा. अर्धा मालकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. भांडण झालं की दोन तुकडे जुळवून बघायचे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, त्या काळचा चेकसम.

आता खरी गंमत. जेम्सने १७२१मध्ये 'न्यू इंग्लंड कूरंट' नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. पत्र जरा तिखट. सरकारला टोचलं आणि १७२२मध्ये जेम्सला तुरुंगात टाकलं. तेव्हा १६ वर्षांच्या बेननेच पेपर सांभाळला. मग १७२३च्या सुरुवातीला हुकूम निघाला, की जेम्सने हा पेपर छापायचा नाही.

जेम्सने पळवाट शोधली. पेपर बेनच्या नावाने काढायचा! पण शिकाऊ पोरगा मालकाच्या ताब्यात असतो, मग हे नुसतं नाटक आहे असं सरकार म्हणणारच. म्हणून जेम्सने जुन्या कराराच्या मागे 'याला पूर्ण मुक्त केलं आहे' असं लिहून तो बेनला परत दिला. म्हणजे रिलीव्हिंग लेटरच म्हणा ना. कुणी विचारलं तर दाखवायला. आणि त्याच वेळी उरलेल्या वर्षांसाठी गुपचूप दुसरा करार करून घेतला.

लक्षात येतंय का काय झालं ते? एक कागद दाखवायचा, एक लपवायचा. आणि बांधून ठेवणारा कागद नेमका लपवायचा होता.

जेम्स तापट होता, बेनला मारायचा. एकदा भांडण विकोपाला गेलं आणि बेनने सरळ सांगितलं, मी मोकळा आहे. त्याला माहीत होतं, दुसरा करार बाहेर काढला तर जेम्स स्वतःच अडकेल. कायद्याने काही करता येईना, तेव्हा जेम्स गावातल्या प्रत्येक छापखान्यात जाऊन सांगून आला, की याला काम देऊ नका. करार लंगडा असला तरी मालकांची आपसातली ओळख धडधाकट होती. सप्टेंबर १७२३मध्ये बेनने काही पुस्तकं विकली, पैसे केले आणि गुपचूप न्यूयॉर्कच्या जहाजात बसला. तिथे काम मिळालं नाही, म्हणून पुढे फिलाडेल्फिया. वय १७.

पुढे आत्मचरित्रात त्याने हे कसं लिहिलंय माहितीये? भावाच्या अडचणीचा फायदा घेतला, ही आयुष्यातल्या पहिल्या मुद्रणदोषांपैकी एक, असं तो मानतो. छापखानेवाल्याचाच शब्द! जेम्स वारल्यावर त्याच्या मुलाला फ्रँकलिनने आधी शाळेत घातलं आणि मग आपल्याकडे धंदा शिकवला.

पण गोष्ट इथेच गोड करून संपवली तर ते खोटं होईल. पळून आलेला हा पोरगा पुढे 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'चा मालक झाला आणि त्या पेपरात पळून गेलेले नोकर आणि गुलाम पकडून देण्याच्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या जायच्या. त्याच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते. बेनच्या करारावर निदान शेवटची तारीख होती. त्या माणसांच्या गुलामीला तीही नव्हती. म्हातारपणी त्याचं मत बदललं. फेब्रुवारी १७९०मध्ये गुलामगिरीविरुद्ध काँग्रेसला गेलेल्या अर्जावर त्याने सही केली आणि एप्रिलमध्ये तो गेला.

आता आपल्याकडे येऊ. आज बॉन्ड मोडलात तर कंपनी पैसे मागू शकते, पण तुम्हाला धरून आणून खुर्चीवर बसवू शकत नाही. बेनच्या काळी पळालेल्या उमेदवाराला पकडून परत मालकाकडे देता यायचं. फरक मोठा आहे. तरीही जॉइनिंगच्या दिवशी कागद समोर आला, की दोन प्रश्न नक्की विचारा: यावर शेवटची तारीख काय आहे? आणि याची सही केलेली प्रत मला मिळणार का? 'हे फक्त फॉर्मॅलिटी आहे, आपल्यातच ठेवू' असं कुणी म्हणालं, तर जेम्स आठवा.

तुमच्या बॉन्डचे किस्से आम्हाला जरूर पाठवा. कंपनीचं नाव मात्र नको! भेटूया पुढच्या भागात.