मधुमेह आणि विचारशक्ति
(सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या सप्ताहांत आपण आपल्या देवळाच्या इतिहासाविषयीं पुष्कळ ऐकिलें. आजचा माझा विषय मात्र कित्येकांस वैद्याचा वाटेल, धर्मगुरूचा नव्हे. तथापि त्याचा आरंभ माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायापासून होतो, म्हणून तो मींच सांगणें उचित आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, प्रायश्चित्तकाळांतील एका शुक्रवारीं सायंकाळीं क्रूसाची वाट चालली होती. प्रार्थना सांगणारे गृहस्थ सत्तरीच्या घरांतले, मोठे भाविक. बाराव्या स्थानाशीं त्यांनीं एकच ओळ तीनदां वाचिली आणि मग ते पुस्तकाकडे नुसते पाहत राहिले. कपाळावरून घाम ओघळत होता. मीं हळूच विचारिलें, तों असंबद्ध व उद्धट उत्तर मिळालें. भक्ति आटोपल्यावर मी चारचौघांदेखत म्हणालों, "काका, आज घेऊन आलांत काय?"

इतक्यांत त्यांची नात धांवत आली. तिनें माझ्याच स्वयंपाकघरांतील साखर पाण्यांत ढवळून आजोबांस पाजली. पाव तासांत ते पूर्ववत् झाले आणि त्यांनीं विचारिलें, "फादर, कितव्या स्थानाशीं आलों आपण?" सकाळीं त्यांनीं नेमाप्रमाणें इन्शुलिन टोंचून घेतलें होतें, आणि उपवास म्हणून दिवसभर अन्नास शिवले नव्हते. मला काय बोलले, मी त्यांना काय बोललों, यांतील एक अक्षरहि त्यांना आठवत नव्हतें. मला मात्र सर्व आठवत होतें.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत एली याजक, दुःखानें प्रार्थना करणाऱ्या हन्नेचे ओंठ हलतांना पाहून तिला मद्यपी समजतो. त्याच पुस्तकांत पुढें, शौल राजाच्या शपथेमुळें उपाशी राहिलेलें सैन्य थकून गेलें असतां योनाथान काठीच्या टोंकानें थोडा मध चाखतो आणि त्याचे डोळे तेजाळतात. एलीची गोष्ट मीं अनेकदां प्रवचनांत सांगितली होती. योनाथानाच्या मधाकडे माझें लक्ष त्या शुक्रवारनंतर गेलें.

आपला मेंदू वजनानें शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाइतका. परंतु विश्रांतीच्या वेळीं शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटाच खर्च करितो. ही शक्ति त्याला मुख्यतः रक्तांतील साखरेपासून मिळते, आणि तिचा म्हणण्याजोगा सांठा त्याच्यापाशीं नसतो. १०० मिलिलिटर रक्तांत साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं सावध व्हावें. ५४ च्या खालीं गेली तर विचार अडखळूं लागतात. हात कांपणें, घाम सुटणें, छाती धडधडणें हे शरीराचे इशारे होत. पण जुन्या मधुमेह्यांत ते मंदावतात, आणि मग पहिलें चिन्ह म्हणून चिडचिड किंवा भ्रमच दिसतो. येथेंच खरी गोम आहे. संकट ओळखावयाचें ज्या मेंदूनें, तोच उपाशी. म्हणून रोगी "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हणतो, तें खोटें बोलण्यासाठीं नव्हे.

हें झालें घटकाभराचें. दुसरें नुकसान वर्षानुवर्षें चालतें व कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रक्तांत साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली कीं सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, मेंदूंतल्याहि. बुद्धि जाते असें नव्हे; ती मंद चालते. उत्तर ठाऊक असतें, पण यावयास वेळ लागतो. बाजारांत सुटे पैसे मोजतांना हिशेब तुटतो. ही शंका नवी नाहीं. इन्शुलिन प्रथम रोग्यास टोंचलें गेलें तें १९२२ सालीं, टोरॉंटो येथें. त्याच सालीं अमेरिकेंत माइल्स व रूट या दोघांनीं मधुमेह्यांच्या स्मरणाची व अवधानाची परीक्षा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पुढें १९९९ सालीं हॉलंडमधील रॉटरडॅम येथील पाहणींत मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. दुप्पट म्हणजे सर्वांना, असा अर्थ कोणी काढूं नये.

उलट, साखर जितकी खालीं तितकी बुद्धि तल्लख, हाहि भ्रमच. २०११ सालीं अमेरिका व कॅनडा येथील सुमारें तीन हजार रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल आला: साखर अतिशय कडक ताब्यांत ठेविलेल्यांची विचारशक्ति इतरांहून सरस ठरली नाहीं. तेव्हां आजोबांच्या साखरेचा आंकडा किती असावा हें डॉक्टरांनीं ठरवावें, शेजाऱ्यांनीं नव्हे. आणखी एक: मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षें घेणाऱ्यांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी पडूं शकतें व त्यानेंहि स्मरण बिघडतें. याची तपासणी रक्तावरून होते आणि उपायहि आहे. त्यासाठीं गोळी मात्र आपल्या मनानें सोडूं नये.

पापनिवेदनास येणारीं वृद्ध माणसें मला सांगतात, "फादर, जपमाळेचीं रहस्यें विसरतें, माझी श्रद्धा आटली." गुपित न मोडतां एवढें सांगतों कीं हें वाक्य मीं फार वेळां ऐकिलें आहे. सेमिनरींत आम्ही संत थॉमस आक्विनास वाचिला. बुद्धि स्वतः शरीराचा अवयव नव्हे, तरी या जन्मीं तिला कल्पनाशक्तीच्या चित्रांवांचून चालतां येत नाहीं, आणि त्या शक्तीचें इंद्रिय दुखावलें कीं ठाऊक असलेलेंहि आठवत नाहीं, असें तो लिहितो. तें तेव्हां मीं परीक्षेपुरतें पाठ केलें होतें. विसरलेलें रहस्य हें पाप नव्हे, बाई. मुलीला सांगा, ती पुढचें म्हणेल. आणि मुलींनो, आईच्या उत्तराची दोन क्षण अधिक वाट पाहा. तिच्या वतीनें तुम्हीच बोलूं नका.

उपवासाविषयीं स्पष्ट बोलतों. धर्मसभेचा उपवासाचा नियम ५९ वर्षें पूर्ण झालेल्यांस बंधनकारक नाहीं. त्या गृहस्थांस तो लागूच नव्हता. मधुमेह्यानें, त्याचें वय कांहींहि असो, उपवास करण्यापूर्वीं डॉक्टरांस व मला विचारावें. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वींचा एक तासाचा उपवासहि वृद्ध व आजारी यांस बंधनकारक नाहीं. मध्यरात्रीपासून पाणीहि न घेण्याची जुनी शिस्त ज्यांच्या अंगीं आईबापांकडून मुरली आहे, त्यांना हें पटणें जड जातें. पण नियम असाच आहे.

आतां कोणी असा गोंधळलेला दिसला तर, शुद्धीवर असून गिळतां येत असल्यास, तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत घालून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हा पाहावें व सांवरल्यावर कांहीं खावयास द्यावें. बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींहि न घालतां तत्काळ दवाखान्यांत न्यावें. या कामासाठीं साखरेचा डबा व पेला सॅक्रिस्टीच्या डाव्या कपाटांत ठेविला आहे. कपाटाला कुलूप नाहीं. डबा संपत आला कीं मला सांगावें.