आकाशातून हिमनद्यांची मोजणी



रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून नौका दर्यात नेणाऱ्या आपल्या मच्छीमार बांधवांना, मासळी कुठं मिळण्याची शक्यता आहे याची सूचना हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते. उपग्रहानं टिपलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग यांवरून ही सूचना तयार होते. उपग्रहावरून दुरून पाहण्याचं हेच तंत्र, म्हणजे दूरसंवेदन, हिमालयातल्या हिमनद्यांवरही लक्ष ठेवतं.

तिथं हिमनद्या हजारो. प्रत्येकीपर्यंत चढून जाणं माणसाला शक्य नाही. अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्रातले डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या अभ्यासल्या. १९६२चं क्षेत्र जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून घेतलं, पुढचं उपग्रहचित्रांवरून. २०७७ चौरस किलोमीटरचा बर्फ १६२८वर आला होता. चार दशकांत २१ टक्के घट! २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

अशा मोजणीसाठी उन्हाळा सरतानाचं चित्र निवडतात, कारण नवं हिम पडलं की हिमनदीची कड झाकली जाते. हिम आणि ढग दोन्ही पांढरे. पण अवरक्त किरणांच्या ठरावीक पट्ट्यात हिम काळपट दिसतं, ढग उजळच राहतात. दगडमातीखाली दडलेला बर्फ ओळखणं मात्र अवघड. तिथं प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करावीच लागते.

बर्फ मागं हटतो, तिथं पाणी साचून तळी होतात. हिमाचल प्रदेशातलं घेपांग घाट तळं १९८९मध्ये सुमारे ३६ हेक्टर होतं, २०२२मध्ये १०१ हेक्टर झालं. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळंही वाढत असल्याचं उपग्रहचित्रांत वर्षानुवर्षं दिसत होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये ते फुटलं, तिस्ता नदीला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि अनेकांचे जीव गेले. उपग्रह धोका दाखवतो. त्याची सूचना खालच्या गावांपर्यंत वेळेत पोहोचवणं हे माणसांचंच काम आहे.

बर्फ वितळण्याचा हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जगभरच्या जमिनीवरचा बर्फ वितळतो आणि तापलेलं पाणी प्रसरण पावतं, म्हणून समुद्राची पातळी वाढते आहे. मिऱ्या किनाऱ्यावरच्या बंधाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा पाहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इस्रोचं 'भुवन' हे संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलांना त्यावर हिमालय दाखवा, आपला किनाराही दाखवा आणि दर वर्षी दोन्हींतल्या बदलांची नोंद ठेवायला शिकवा.