तेलाचे दोन थेंब

प्रत्येक घरात एखादी बंद पडलेली वस्तू असते. ती टाकवत नाही आणि दुरुस्तही होत नाही. आमच्या कराडच्या घरी असा एक जुना, घडीचा फिल्मचा कॅमेरा होता. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी तो हौसेने जुन्या बाजारातून घेतला होता. मी दहा वर्षांचा असताना त्याची झडप अडखळू लागली. घरात शिवणयंत्राचे तेल होते. म्हटलं, सोडावेत दोन थेंब! झडप पार चिकटून बसली. मी कुणाला बोललो नाही. वडिलांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो पुन्हा बाहेर काढला, तेव्हा माझी चूक मला कळली. झडपेची पाती फार पातळ असतात आणि ती कोरडीच सरकावी लागतात. तेल पसरले, की भिजलेल्या वहीच्या पानांसारखी ती एकमेकांना चिकटतात. गाडीच्या चाकाला जे औषध, ते येथे विष!

काम मी परातीत केले. स्क्रू उडाला तरी काठाला अडतो. काढलेला प्रत्येक स्क्रू क्रमाने पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी आकडा घातला. पुढचे भिंग काढण्याआधी पेन्सिलीने खूण केली. मग खिडक्या उघडून, घरातला विस्तव विझवून, लायटरमध्ये घालतात ते पेट्रोल कापसाच्या काडीने पात्यांवर फिरवले. पुसायचे, वाळू द्यायचे, पुन्हा पुसायचे. पाचव्या दिवशी झडप ‘टक्’ म्हणाली!

पुढे भाता. लोहाराचा भाता वारा सांभाळतो, कॅमेऱ्याचा भाता अंधार सांभाळतो. रात्री दिवे मालवून आत बॅटरी धरली, तो घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्या दिसू लागल्या. तेवढी छिद्रे काळ्या रंगाने बुजवली. शेवटी फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून, झडप उघडी ठेवून कॅमेरा आगाशिवच्या डोंगराकडे धरला. कागदावर डोंगर उलटा उतरला, पण अंधुक. भिंग केसभर केसभर फिरवले, तेव्हा डोंगराची कड स्वच्छ झाली. तेथेच स्क्रू आवळले.

ही खटपट आपल्या मुलखाला नवी नाही बरं का! कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवण्याच्या मागे लागले होते. १९१६ साली आनंदराव वारले. पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम नेटाने चालू ठेवले, १९१८ साली कॅमेरा उभा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्यापुढे माझी परात ती काय! पण धीर धरायला मी तेथूनच शिकलो.

रोलमध्ये बारा चित्रे निघतात. पहिले वडिलांचे, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. मी कॅमेरा रोखला, तसे ते हसून म्हणाले, “का रे, या खेपेला तेल नाही ना घातलंस?”

त्यांना तेव्हापासून सारे ठाऊक होते! न रागावण्यात त्यांचे प्रेम होते, पण माझी चूक तीस वर्षे कपाटात बंद राहिली. म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एवढीच विनंती. एखाद्या मुलाने काही बिघडवले, तर त्याला मारू नका आणि ती वस्तू कपाटातही ठेवू नका. परात घ्या, पांढरा कागद घ्या आणि त्याच्या शेजारी बसून ती उघडा.